एटीव्हीची बेअरिंग साताऱ्यातच मिळाली (माझा अनुभव)

मेढ्याकडच्या शेतावर आमची एटीव्ही (जाड टायरची, कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी बाईक) असते, तिचं पुढचं चाक घरघर करायला लागलं, जॅकवर घेऊन हलवलं तर चांगलाच खडखड प्ले, म्हणजे चाक ढिलं. डीलरकडे विचारलं तर म्हणे पार्ट मागवावा लागेल, थांबा. ऐन पावसाळ्यात कसं थांबणार? मग बेअरिंग काढून डिझेलच्या फडक्याने पुसली आणि कडेला बारीक नंबर दिसला, ६२०४. हा नंबर कंपनीचा नसतो, स्टँडर्ड साईजचा असतो, शेवटच्या ०४ ला ५ ने गुणलं की आतलं भोक २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४. नंबर घासला असेल तर व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) ही तीन मापं घ्यायची, बास.

साताऱ्यात बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळाली. दुकानदार काका झेडझेड, म्हणजे दोन्हीकडून पत्र्याचं झाकण असलेली देत होते, मी म्हटलं काका टूआरएसच द्या, दोन्हीकडून रबर सील असलेली, कारण चिखलपाण्यात पत्र्याच्या फटीतून पाणी शिरतंच. आणि एक, चाकात बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर ठोका, जुनी बेअरिंग वर ठेवून, आतल्या रिंगवर मारलं की गोळ्यांवर दाब येऊन नवी पण खराब होते. ऑईल सीलही (बेअरिंगबाहेरची रबरी रिंग) नवीन टाका.