पिकअपच्या पडद्यावरचं टोइंग अ‍ॅप गंडलं? आधी या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेचा लाँग वीकेंड आला की अमेरिकेत कॅम्पर (ट्रकमागे ओढायची फिरती घरं) आणि बोटी रस्त्यावर उतरतात, आणि ट्रकवाल्यांची तीच तक्रार पुन्हा ऐकू येते: ‘अ‍ॅप ट्रेलर ओळखतच नाही.’ शेवरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरामध्ये २०१९च्या मॉडेलपासून पडद्यावर ट्रेलरिंग अ‍ॅप मिळू लागलं. फोर्ड आणि रॅमच्या ट्रकमध्येही अशीच सोय असते. प्रत्येक ट्रेलरचं वेगळं प्रोफाइल, दिव्यांची चाचणी, टायरची हवा, निघण्यापूर्वीची यादी, सगळं एका जागी. मात्र कधी हा पडदा गप्प बसतो, तर कधी भर हायवेवर ट्रेलर सुटल्याचा मेसेज दाखवून पोटात गोळा आणतो.

प्लग सोडून पडद्याशी झटापट

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. अ‍ॅपला ट्रेलर दिसत नसतो. बंपरखालच्या सात पिनांच्या सॉकेटमधून दिव्यांना आणि ब्रेकला वीज जाते आहे का, हे ट्रकमधलं मॉड्यूल तपासतं आणि पडदा तेवढाच निरोप आपल्याला देतो. तेव्हा आधी गाडीतून उतरा.

प्लग पूर्ण आत गेलाय का आणि सॉकेटच्या झाकणाची खाच त्यात अडकली आहे का, ते पाहा. अर्धवट बसलेला प्लग अंगणात चालतो आणि पहिल्या खड्ड्यात संपर्क सोडतो. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश वापरा, मग थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आणि गंज रोखणारं) लावा. मिशिगन किंवा ओंटारिओसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे हे दर वसंतात करावंच लागतं.

एवढं करूनही अडलं तर पांढरी वायर धरा. ती ट्रेलरची ग्राउंड, म्हणजे आपली अर्थिंग. भारतात घरच्या वायरिंगची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिकडे हिरवी वायर अर्थिंगची, तर इथल्या ट्रेलरवर हिरवी उजव्या इंडिकेटर-ब्रेक दिव्याची. पिवळी डाव्या बाजूची, तपकिरी मागच्या साध्या दिव्यांची, निळी इलेक्ट्रिक ब्रेकची. पांढऱ्या वायरचा स्क्रू ट्रेलरच्या चौकटीवर गंजला की करंट हिचच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या, बॉलमधून वाट काढतो. मग डावा इंडिकेटर दिला की दोन्ही दिवे मिणमिणतात, ब्रेक दाबला की मागचे दिवे मंदावतात आणि अ‍ॅप दर मिनिटाला मत बदलतं. असं विचित्र काही दिसलं की सॉफ्टवेअरचा विचार सोडा. स्क्रू काढा, पत्रा घासून चकचकीत करा आणि परत आवळा.

यानंतर फ्यूज. ट्रेलरच्या सर्किटांचे फ्यूज वेगळे असतात. दहा-पंधरा डॉलरचा सात पिनांचा टेस्टर सॉकेटमध्ये लावला की दोष ट्रककडे आहे की ट्रेलरकडे, हे लगेच कळतं. माझ्या मते ट्रेलर असणाऱ्याच्या डिकीत जॅकइतकाच हाही हवा.

एक अपवाद मात्र खरा आहे. फक्त एलईडी दिवे असलेला, ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर फार कमी करंट घेतो, आणि काही ट्रकना तो जोडल्याचं कळतच नाही. दिवे नीट लागत असतील तर ट्रेलर हाताने निवडा आणि निघा.

चालत्या गाडीत मेसेज बाजूला सारणं

ट्रेलर सुटल्याचा मेसेज आला म्हणजे तो खरोखर सुटला असं नाही, हिच आणि साखळ्या जागेवर असू शकतात. पण वायरचा संपर्क तुटला असेल तर ट्रेलरचे ब्रेक आणि ब्रेक-दिवेही गेलेले असतात. चालत्या गाडीत बटणं दाबून पडदा रीस्टार्ट करू नका. सुरक्षित जागी थांबा आणि मागे जाऊन बघा.

रीस्टार्ट समजून भलतंच करणं

किल्ली बंद करून लगेच चालू केली तर पडदा बहुतेक वेळा जागाच असतो, त्याने काहीच होत नाही. इंजिन बंद करा, दार उघडा, उतरून गाडी लॉक करा आणि मॉड्यूल झोपेपर्यंत थांबा. पडदा सक्तीने रीस्टार्ट करायचं बटणांचं गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते मॅन्युअलमध्ये सापडतं. फॅक्टरी रीसेट शेवटी ठेवा, कारण त्यात ट्रेलरची प्रोफाइलं पुसली जाऊ शकतात. आधी मापांचा आणि सेटिंगचा फोटो काढा. अपडेटही निघायच्या सकाळी नको. आणि १२ व्होल्टची बॅटरी थकली असेल तर पडदा काहीही दाखवतो, तीही तपासून घ्या.

चुकीचं प्रोफाइल

हे गंडलेल्या अ‍ॅपपेक्षा धोक्याचं. ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते, अनेक ट्रकमध्ये प्रोफाइलबरोबर साठवलेलं असतं. जड कॅम्परचं प्रोफाइल ठेवून रिकामा छोटा ट्रेलर ओढला तर त्याची चाकं जाम होऊन घसरतील. उलट केलं तर सगळा भार ट्रकच्या ब्रेकवर. गेन बसवायला कोरडा, सपाट, रिकामा रस्ता शोधा, ताशी २० ते २५ मैलांवर ब्रेक कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबा, आणि चाकं जाम व्हायच्या जरा अलीकडे आकडा थांबवा. माल भरला किंवा उतरवला की पुन्हा बघा.

अ‍ॅपमध्ये वजन भरल्याने ट्रकची ताकद वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. ६,००० पौंडांच्या साध्या ट्रेलरचा हिचवरचा भार त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६०० ते ९०० पौंड असायला हवा. हा भार ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक पेलू शकेल त्या वजनातून, वजा होतो. माणसं आणि सामान उरलेल्यात बसवायचं.

टायरची हवा दिसत नसेल तर बहुधा सेन्सर ट्रकला जोडलेलेच नसतात, किंवा चाकांची अदलाबदल झाल्यावर कुठला सेन्सर कुठल्या चाकात, हे ट्रकला पुन्हा शिकवलेलं नसतं. तोवर साधा गेज घ्या आणि टायर थंड असताना मोजा.

दिव्यांची चाचणी सुरू करून आत बसून राहणं

ही चाचणी दिवे फक्त क्रमाने लावते. कुठला लागला, कुठला नाही, हे पाहायला मागे उभं राहावं लागतं. ट्रेलर अचानक सुटल्यास ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच तपासायचा असेल तर त्याची पिन ओढण्यापूर्वी सात पिनांचा प्लग काढा. प्लग लावलेला असताना ती ओढली तर ट्रकचा ब्रेक कंट्रोलर खराब होऊ शकतो, आणि ते बिल टेस्टरच्या किमतीच्या कित्येक पट असतं.

इतकं करूनही अ‍ॅप अडत असेल तर दुसरा ट्रेलर जोडून बघा. तो नीट चालला तर तुमच्या ट्रेलरची वायरिंग उघडायची वेळ आली. दोन्ही ट्रेलरवर तीच गडबड झाली तर सर्व्हिसवाल्याकडे जा, पण ट्रेलर घेऊनच, कारण नुसत्या ट्रकवर हा दोष बहुधा दिसत नाही. मेसेजचा फोटो, तेव्हा ब्रेक लावला होता की इंडिकेटर दिला होता, पाऊस होता का, एवढं कागदावर लिहून द्या.