उत्पादन शक्यता वक्रावरून विशेषीकरण कसं काढायचं

विशेषीकरणाची, म्हणजे कोणी कोणत्या वस्तूवर भर द्यायचा हे ठरवण्याची, गणितं बहुधा पहिल्याच पायरीवर फसतात. ज्याचं उत्पादन जास्त, त्याच्या नावावर वस्तू लिहून लोक मोकळे होतात. खरं तर एक नग वाढवताना दुसऱ्या वस्तूचे किती नग हातचे जातात, ते मोजायचं असतं. हाच संधी खर्च. आहे त्या साधनांत दोन वस्तू मिळून जास्तीत जास्त किती करता येतात, ते दाखवणारी रेषा म्हणजे उत्पादन शक्यता वक्र, आणि संधी खर्च या वक्राचा उतार म्हणून दिसतो.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेले आकडे घेऊ. ठरावीक मापाचं कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक मापाच्या वाइनसाठी इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. दोन्हीकडे पोर्तुगालच सरस. आकृतीसाठी एकूण मजूर हवेत, ते सोयीचे धरू: इंग्लंड १२००, पोर्तुगाल ७२०.

आता भागाकार. सगळे मजूर कापडाला लावले तर इंग्लंडची १२ मापं, सगळे वाइनला लावले तर १०. पोर्तुगालची ८ आणि ९. आडव्या अक्षावर कापड, उभ्यावर वाइन घेऊन प्रत्येक देशाची दोन टोकं जोडा. प्रत्येक मापाला लागणारे मजूर बदलत नाहीत, म्हणून इथे वक्र सरळ रेषाच येतो. दोन्ही आकृत्यांना एकच मापप्रमाण ठेवा, नाहीतर उतार डोळ्यांना फसवतात.

एका कापडासाठी इंग्लंड १०/१२, म्हणजे सुमारे ०.८३ वाइन सोडतो. पोर्तुगाल ९/८, म्हणजे १.१२५. कापड इंग्लंडला स्वस्त पडतं. वाइनसाठी हेच अपूर्णांक उलटे करा: इंग्लंड १.२ कापड, पोर्तुगाल सुमारे ०.८९. एका वस्तूत तुलनात्मक लाभ, म्हणजे कमी संधी खर्च, इंग्लंडचा निघाला की दुसरीत तो पोर्तुगालचाच असणार. दोन्ही एकाच्या पदरात पडले तर कुठेतरी अपूर्णांक उलटा झालाय. पडताळा आकृतीवरही होतो: ज्याची रेषा कमी उताराची, त्याने आडव्या अक्षावरची वस्तू करावी. दोन्ही रेषा समांतर आल्या तर विशेषीकरणातून मिळण्यासारखं काहीच नाही.

आता फायदा मोजायचा. आधी दोघांनी मजूर निम्मेनिम्मे वाटले असं धरा: इंग्लंड ६ कापड, ५ वाइन, पोर्तुगाल ४ कापड, ४.५ वाइन. एकूण १० आणि ९.५. पूर्ण विशेषीकरण केलं तर १२ कापड आणि ९ वाइन. कापड वाढलं, पण वाइन अर्ध्या मापाने घटली! इथे बरेच जण गोंधळतात आणि सिद्धांतच चुकला असं समजतात. चूक तुलनेत आहे. एक वस्तू पूर्वीइतकीच ठेवा आणि दुसरी किती वाढते ते पाहा. इंग्लंडने ६० मजूर वाइनवर ठेवले की त्याची ०.५ वाइन येते आणि उरलेल्या ११४० जणांकडून ११.४ कापड. पोर्तुगालच्या ९ धरून वाइन पुन्हा ९.५, आणि कापड १.४ ने जास्त.

ही वाढ कोणाला किती, ते विनिमय दर ठरवतो. एका कापडाला ०.८३ ते १.१२५ वाइन या पट्ट्यातला कोणताही दर दोघांना परवडतो. १ ला १ धरा. इंग्लंड ४.५ कापड देऊन ४.५ वाइन घेतो, हाती ६.९ कापड, ५ वाइन. पोर्तुगालकडे ४.५ आणि ४.५. पूर्वीच्या मानाने इंग्लंडला ०.९ कापड जास्त, पोर्तुगालला ०.५. दोन्ही बिंदू आपापल्या रेषेबाहेर आहेत. रेषा मात्र जागची हललेली नाही. बाहेर गेलाय तो उपभोग. ती हलायला मजूर वाढायला हवेत किंवा तंत्र सुधारायला हवं. वाहतूक खर्च धरला तर हा पट्टा अरुंद होतो, कधी पुसलाही जातो.

सुरुवातीचा बिंदू रेषेच्या आत असेल, म्हणजे काही मजूर रिकामे असतील, तर आधी तो रेषेवर आणा. त्यातून झालेली वाढ विशेषीकरणाच्या खात्यात धरू नका.

परीक्षेत बहुधा बाहेरच्या बाजूला फुगलेला वक्र येतो. जमीन, यंत्रं, कसब सगळ्या कामांना सारखी लागू पडत नाहीत, त्यामुळे एकच वस्तू वाढवत गेलं की पुढचा प्रत्येक नग महाग होतो. अशा वेळी टोकाटोकांचं गुणोत्तर निरुपयोगी. सध्याच्या बिंदूवर स्पर्शिका काढा आणि तिचा उतार घ्या. विशेषीकरण करत जाल तसे दोघांचे उतार जवळ येतात, आणि ते सारखे झाले की थांबायचं. त्या बिंदूवर दोघेही बहुधा दोन्ही वस्तू थोड्याफार करतच असतात.