लेप मासा वर्गात कसा तपासावा

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे नाथसागरातले रोहू, कटला, मरळ आणि वाम आपल्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे असले, तरी समुद्रतळाशी एका कुशीवर पडून राहणारा लेप त्यांनी बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या बाजारात बर्फात घातलेली समुद्री मासळी येते. विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे आणि मासा अख्खा हवा, हे आवर्जून बजावावे, कारण लेपाची कातडी सोलून देण्याची रीत आहे. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून हा तास पावसाळ्यानंतर ठेवावा. सोबत एक लहान रोहू घ्यावा. तुलनेवाचून लेपाच्या शरीराचा अर्थ लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा: हा मासा पोटावर पडला आहे की कुशीवर? पाकट हा मासा पाठीपोटाकडून चपटा असतो आणि पोटावर टेकतो. लेप मात्र रोहूसारखाच दोन्ही कुशींकडून चपटा असून तो आडवा झालेला आहे. हे पटवण्यासाठी लेपाचे तोंड आपल्यापासून दूर व पोट खाली राहील असा तो ताटात उभा धरावा. दोन्ही डोळे आपल्या डाव्या हाताकडे दिसतील. उजवी बाजू फिकट आणि डोळ्यांवाचून असते. मोठेपणी हीच बाजू वाळूला टेकलेली असते.

अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू असे नसते. इतर माशांप्रमाणे त्याचा एकेक डोळा दोन्ही बाजूंना असतो आणि ते पाण्यात सरळ पोहते. पुढे थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे रूपांतर सुरू होते, कवटीची हाडे पिळवटतात आणि उजवा डोळा डोक्याच्या वरच्या कडेने सरकत डाव्या बाजूला येतो. एवढा मोठा बदल टप्प्याटप्प्याने उत्क्रांत कसा झाला असेल, हा आक्षेप डार्विनच्या हयातीतच घेतला गेला होता. इटलीतील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक डोळा अर्ध्या वाटेवर असलेले मासे दाखवण्यात आले. हा भाग घाईने उरकू नये. विद्यार्थ्यांचे सर्वांत चांगले प्रश्न इथेच येतात.

भाकस हा दुसरा चपटा समुद्री मासा मिळाला तर तोही शेजारी ठेवावा. त्याचे डोळे काहींत डाव्या, तर काहींत उजव्या बाजूला असतात, आणि सरकलेला डोळा डोक्याच्या वरच्या कडेपाशीच थांबलेला असतो. लेपाचा पृष्ठपर, म्हणजे पाठीवरचा पर, थेट डोक्यावरून सुरू होतो, भाकसाचा मात्र डोळ्यांच्या बराच मागून. भाकसाचे मोठे तोंड व तीक्ष्ण दात लहान माशांच्या शिकारीचे आहेत; लेपाचे लहान, वाकडे तोंड तळातले किडे व बारीक कवचधारी जीव टिपण्याचे आहे.

आता भिंग घेऊन लेपाची कड न्याहाळावी. पृष्ठपर आणि गुदपर (पोटाकडच्या कडेचा पर) शेपटीला जाऊन मिळतात, त्यामुळे शरीराभोवती जवळजवळ अखंड झालर तयार होते. वक्षपर, म्हणजे कल्ल्यांमागचे पर, मात्र नसतातच. चपटे मासे शरीर व परांच्या लाटा उठवून वाळू उडवतात आणि ती अंगावर बसली की फक्त डोळे बाहेर ठेवून निश्चल राहतात. त्यांच्यापैकी काही जाती डोळ्यांनी तळ पाहून काही सेकंदांत अंगावरची नक्षी बदलतात. मृत माशाच्या रंगावरून मात्र त्याविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

शेवटी दोन्ही माशांचे पोट कात्रीने उघडावे. रोहूमध्ये पाठीच्या कण्याखाली दोन कप्प्यांचा पांढरा, चकचकीत वाताशय, म्हणजे माशाला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, दिसेल. प्रौढ लेपात तो नसतो, आणि तळाशी राहणाऱ्या माशाला तरंगत राहण्याची गरजही नसते. लेपाची उदरपोकळी डोक्यामागे अगदी थोड्या जागेत असल्याने छेद तिथेच व उथळ द्यावा. आतड्यातला ऐवज बशीत पाण्यात पसरून भिंगाखाली पाहावा. किड्यांचे तुकडे, कवचांचे कण आणि चिखल वेगवेगळे टिपून ठेवावेत. आतडे रिकामे निघाले, तर तसेच नोंदवावे. हाताळलेला मासा खाण्यासाठी वापरू नये.