३० सप्टेंबरचा स्मरणदिन विद्यापीठात कसा पाळावा
३० सप्टेंबर हा कॅनडातील निवासी शाळांत गेलेल्या आदिवासी मुलांच्या स्मरणाचा दिवस. कॅनडात दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलांना निवासी शाळांत ठेवून त्यांची भाषा हिरावून घेण्यात आली. त्याबद्दल मॅनिटोबा विद्यापीठाने २०११ मध्ये माफी मागितली आणि पुढे या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाचे दप्तर सांभाळण्याची जबाबदारीही घेतली. नागपुरातील विद्यापीठाच्या विभागाने हा इतिहास मांडताना आधी त्या माजी विद्यार्थ्यांच्या साक्षी वाचाव्यात, भाषणे नंतर ठेवावीत. मग, बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवलेल्या या शहरात, गोंडी बोलणाऱ्या ज्येष्ठांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे आणि काय नोंदवायचे, काय नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. आपल्या आश्रमशाळांची त्या शाळांशी सरसकट तुलना टाळावी. मात्र आश्रमशाळांत शिकताना मातृभाषेचे काय झाले, हे जरूर विचारावे. नोंदींची प्रत त्यांच्या गावी पोहोचवावी.