वीजदराच्या जाहीर सुनावणीला जाण्याआधी

दरवाढीचा प्रस्ताव आला की आठवडाभर घरोघरी संताप असतो. मग वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकतींची मुदत संपते, सुनावणी होते, आणि त्या सभागृहात दिसतात ते उद्योजकांच्या संघटनांचे लोक, यंत्रमागवाले, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते आणि दर खेपेला येणारे मोजके जागरूक ग्राहक. घरगुती ग्राहक संख्येने सर्वांत मोठा आणि तिथे त्याची हजेरी सर्वांत कमी. ही तयारीची यादी त्याच्यासाठी आहे. सगळी तयारी सुटीच्या एक-दोन दिवसांत आणि रोजच्या थोड्या वेळात बसते. वकील लागत नाही.

आधी आपलं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं हे पक्कं करा. महाराष्ट्रात विजेचा दर मंत्री ठरवत नाहीत, महावितरणही ठरवत नाही. तो ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. आयोग स्थापन झाला १९९९ साली, आणि आज त्याचे अधिकार येतात ते केंद्राच्या विद्युत कायदा, २००३ मधून. अध्यक्ष आणि सदस्यांची नेमणूक राज्य सरकार करतं, पण निवड समितीच्या शिफारशीवरून, आणि त्या समितीचं अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींकडे असतं. सरकारच्या हातात उरतात तीन गोष्टी. एक, कलम १०८ खाली सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत आयोगाला निर्देश देणं. दोन, कलम ६५ खाली एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर त्या सवलतीचे पैसे स्वतः आणि आगाऊ भरणं. तीन, वीज शुल्क लावणं. घरगुती बिलावरचं १६ टक्के वीज शुल्क हा राज्याचा कर आहे, त्यावर आयोगापुढे कितीही बोललात तरी उपयोग नाही. त्यासाठी आमदारांना गाठा. सुनावणीतली पाच मिनिटं फार मोलाची असतात. ती चुकीच्या दारावर घालवू नका.

आपलं स्वतःचं बिल चुकलं असेल, मीटर जोरात पळत असेल, सरासरीने बिल येत असेल, तर तेही इथे नको. त्यासाठी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल, ही वेगळी वाट आहे. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. दराच्या सुनावणीत वैयक्तिक बिल फडकवणारा माणूस खरा असतो, दुःखीही असतो, पण त्याला तिथून मंचाकडेच पाठवलं जातं.

कंपनी कोणती ते पाहा. राज्यभर महावितरण असलं तरी मुंबईत बेस्ट, अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर आहेत, आणि मुलुंड-भांडुप भागात पुन्हा महावितरण. प्रत्येकीची याचिका, म्हणजे आयोगापुढचा दराचा प्रस्ताव, वेगळी, सुनावणी वेगळी, दर वेगळे.

यानंतर नोटिशीवर नजर ठेवायची. आता दर एकेका वर्षासाठी ठरत नाहीत; सध्याचा बहुवर्षीय कालावधी २०२५-२६ ते २०२९-३० असा पाच वर्षांचा आहे. म्हणजे मोठी संधी क्वचित येते आणि ती हुकली की पुढची बरीच वर्षं ठरलेले दर मान्य करावे लागतात. याचिकेचा गोषवारा कंपनीने प्रसिद्ध करायचा असतो, हे कायद्यातच आहे, आणि याचिका आल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो. ग्राहकाच्या वाट्याला त्यातले साधारण तीन आठवडे येतात. मराठी वर्तमानपत्रातली बारीक टाइपातली ती जाहिरात कापून ठेवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. प्रकरण क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख, सुनावणीचं ठिकाण आणि वेळ, कागद कुठे मिळतील हे सगळं त्यातच असतं. पुन्हा वेगळी सूचना येत नाही.

आता कागद. मूळ याचिका शेकडो पानांची असते, ती बघूनच बरेच लोक हात टेकतात. सगळी वाचू नका. कार्यकारी सारांश मराठीत मिळतो, तो आधी घ्या. त्यात वार्षिक महसुली गरजेचा, म्हणजे कंपनीला वर्षभरात एकूण किती पैसे लागतील याचा, तक्ता शोधा. तो म्हणजे अख्ख्या याचिकेचा कणा. वीज खरेदीचा खर्च, पारेषणाचा, म्हणजे उच्च दाबाच्या तारांवरून वीज आणण्याचा खर्च, दुरुस्ती आणि देखभाल, घसारा (यंत्रसामग्रीची झीज), कर्जावरचं व्याज, भागभांडवलावरचा परतावा (मालकांनी गुंतवलेल्या पैशावरचा नफा), बुडीत कर्जाची तरतूद, आणि मागच्या वर्षांच्या हिशेबातली तूट, म्हणजे ज्याला सगळे ‘ट्रू-अप’ म्हणतात ती. यातली वीज खरेदी हीच सर्वांत जाडजूड ओळ असते. कर्मचाऱ्यांच्या पगारावर बोट ठेवणारे खूप भेटतात, पण पैसा तिथे फार नसतो. तो खरेदीच्या करारांत असतो. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाची महागडी वीज राज्याला कशी नडली हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आयोगाचा पहिला दर आदेश मे २००० मधला, तेव्हाच्या विद्युत मंडळासाठीचा, आणि दाभोळच्या करारांचं ओझं तेव्हाच कागदावर होतं.

तक्ता समोर ठेवून मागच्या आदेशातला मंजूर आकडा आणि आताचा मागितलेला आकडा शेजारी शेजारी लिहून काढा. एका वहीच्या पानावर होतं. ज्या ओळीत उडी मोठी आहे आणि कारण एका वाक्यात उरकलंय, तिथे तुमचा प्रश्न आहे.

स्वतःचं बिलही त्याच पानाशेजारी ठेवा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांतून वीज पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधन आणि वीज खरेदीच्या बदलत्या खर्चाचा), वीज शुल्क, या पाच ओळी ओळखता यायला हव्यात. स्लॅबबद्दलचा, म्हणजे वापराच्या टप्प्यांबद्दलचा, एक गैरसमज अजून गावोगाव आहे, की ३०० युनिटच्या वर एक युनिट गेला की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो. तसं नाही. ३२० युनिट वापरले तर पहिल्या १०० ला खालचा दर, पुढच्या २०० ला दुसरा, आणि वरच्या २० ला तेवढा तिसरा. सुनावणीत हा गैरसमज घेऊन उभं राहिलं तर समोरचा अधिकारी शांतपणे खोडून काढतो आणि त्यानंतरचा तुमचा चांगला मुद्दाही हलका होतो. उलट स्थिर आकार नीट पाहा. वीज वापरा अथवा नका वापरू, तो द्यावाच लागतो. याचिकेत युनिटचा दर जरासा खाली आणि स्थिर आकार वर असं असेल, तर कमी वापराच्या घरावर खरा बोजा वाढतो. बातमीत मात्र ‘दरकपात’ छापून येतं. आपल्या मागच्या बारा बिलांना प्रस्तावित दर लावून एकूण काय येतं ते काढा. गरजेची गणितं एवढीच, पण ती स्वतःच्या हाताने केलेली हवीत.

मुद्दा एकच निवडा, फार तर दोन. मला विचाराल तर सर्वांत जास्त उकरण्यासारखी जागा आहे वितरण हानीची, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी वाटेत गळणाऱ्या विजेची, आणि तिच्या पोटात दडलेल्या शेतीपंपांच्या हिशेबाची. समजा कंपनीने १०० युनिट वीज घेतली. काही मीटरवर मोजून विकली, काही तारांत आणि चोरीत गेली, आणि काही मीटर नसलेल्या शेतीपंपांना दिली. हा शेवटचा आकडा मोजलेला नसतो, अंदाजाने काढलेला असतो. पंपांचा वापर जास्त दाखवला की गळती आपोआप कमी दिसते. बेरीज जुळतेच. बदनाम होतो शेतकरी, ज्याला प्रत्यक्षात रात्रीची आठ तास वीज मिळायचीही खात्री नसते. हा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चाललाय, आयोगाने त्यावर अभ्यासगटही नेमला होता. आता त्यात भर पडली आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये असा तेव्हाचा सरकारी आकडा. म्हणजे पंपांचा अंदाजित वापर आता तिजोरीतून किती पैसे जायचे हेही ठरवतो. तेव्हा साधं विचारा: आमच्या मंडलात (कंपनीच्या विभागात) मीटर नसलेल्या पंपांचा वापर कोणत्या नोंदींवरून काढला? जिथे शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, वेगळे झालेत तिथे उपकेंद्रातल्या मीटरचं वाचन आणि याचिकेतला आकडा जुळतो का? आणि सरकारच्या अनुदानाची रक्कम वेळेवर आली का, नसेल तर त्यापायी काढलेल्या कर्जाचं व्याज आमच्या दरात का?

हा मुद्दा जड वाटत असेल तर दुसरा निवडा, पुरवठ्याचा दर्जा. नोटीस आल्या दिवसापासून वहीत लिहायला लागा: तारीख, वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, फीडरचं नाव. उपकेंद्रात फोन केला तर तीही वेळ आणि मिळालेलं उत्तर. शेजारच्या दोन-तीन घरांनाही लिहायला सांगा. ‘आमच्याकडे सारखी लाइट जाते’ याला उत्तर द्यावं लागत नाही. ‘या फीडरवर या महिन्यात या तारखांना इतके तास वीज नव्हती, कंपनीने जाहीर केलेल्या विश्वासार्हतेच्या (वीज किती वेळा, किती वेळ गेली त्या) आकड्यांत हे दिसत नाही’ याला द्यावं लागतं.

हरकत मराठीत लिहा, बिनधास्त. वर प्रकरण क्रमांक, खाली नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, फोन. स्वतःसाठी लिहिताय की संस्थेच्या वतीने, ते स्पष्ट करा, आणि ‘मला सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे’ हे वाक्य विसरू नका. मुद्द्यांना क्रमांक द्या, प्रत्येक मुद्द्यासमोर याचिकेतलं पान किंवा तक्त्याचा क्रमांक लिहा, आणि शेवटी मागणी एका ओळीत: अमुक खर्च नाकारावा, अमुक माहिती द्यायला सांगावी. दीड-दोन पानांच्या वर जाऊ नका. नोटिशीत सांगितलेल्या पद्धतीने दाखल करा, पोच जपून ठेवा. छापील एकसारख्या हजार पत्रांपेक्षा असं एक पत्र का मोठं, हे आदेश उघडून पाहिलं की कळतं. आयोगाच्या आदेशात हरकतींचं प्रकरण असतं, आणि त्यात प्रत्येक विषयाखाली तीन भाग: ग्राहकांचं म्हणणं, कंपनीचं उत्तर, आयोगाचं मत. तुमचा प्रश्न नेमका असेल तर तो तिथे छापला जातो, कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि पुढे अपिलात कुणी गेलं तर तो कागद म्हणून उभा राहतो. नुसता निषेध ‘अनेक ग्राहकांनी दरवाढीस विरोध केला’ या एका वाक्यात मावतो.

एकट्याने जमत नसेल तर माहीतगारांची मदत घ्या. ग्राहकांच्या बाजूने बोलण्यासाठी आयोग कलम ९४ खाली प्रतिनिधी नेमू शकतो; पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन अशा संस्थांनी हे काम केलं आहे. प्रयासने विजेचं अर्थकारण सोप्या मराठीतही मांडलं आहे, त्याचा अभ्यासाला उपयोग होतो.

सुनावणीच्या दिवशी वेळेआधी पोचा, नावनोंदणी करा. सोबत हरकतीची प्रत, पोच, आकड्यांचं पान, पाण्याची बाटली. सुरुवातीला कंपनीचं सादरीकरण होतं, ते लक्ष देऊन ऐका. तुमच्या मुद्द्याचं उत्तर त्यात आलं असेल तर बोलताना त्याचाच धागा पकडा. नाव पुकारलं की आपलं नाव, गाव सांगा आणि थेट मुद्द्यावर या. लिहिलेलं सगळं वाचू नका, ते आयोगाकडे आहेच. आकडा, पान क्रमांक, प्रश्न, मागणी. आधी घरी घड्याळ लावून एकदा बोलून पाहा. आवाज चढला तर चढू द्या, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, पण समोर बसलेल्या अभियंत्यावर व्यक्तिगत जाऊ नका. बोलताना नवं काही सुचलं तर तिथेच लेखी पुरवणी द्यायची परवानगी मागा.

आदेश आला की काम संपलं असं समजू नका. २८ मार्च २०२५ ला महावितरणचा दर आदेश आला, दर कमी होणार म्हणून लोक खूश झाले. कंपनीच्या अर्जावर २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, फेरविचार झाला, २५ जूनला नवा आदेश निघाला आणि १ जुलैपासून वेगळेच दर लागू झाले. इतक्या घडामोडी तीन महिन्यांत. ज्यांनी मार्चचा आदेश वाचून वही मिटली त्यांना जुलैचं बिल कोड्यासारखं वाटलं. म्हणून आयोगाच्या संकेतस्थळावर निदान चार महिने फेरी मारत राहा. आदेशाविरुद्ध दिल्लीतल्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायची मुदत ४५ दिवसांची असते. ती वाट खर्चाची आहे, संघटनेमार्फतच धरा.

नवे दर लागले की पहिलं बिल आदेशातल्या दरपत्रकाशेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासा. वाचनाचा काळ जुन्या आणि नव्या दरांत विभागला असेल तर युनिट दिवसांच्या प्रमाणात वाटलेत का, स्थिर आकार मंजूर तेवढाच आहे का, स्मार्ट मीटर असेल तर दिवसा ९ ते ५ च्या वापराची सवलत उतरली आहे का, हे पाहा. फरक दिसला तर बिलाची प्रत आणि दरपत्रकाचं ते पान जोडून तक्रार कक्षात अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे गेलं पाहिजे.