शरीरातले अणू मोजताना या चुका टाळा

७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ७ × १०^२७ अणू असतात. आपल्या बोलीत सत्तर लाख कोटी कोटी कोटी. वहीतलं उत्तर याच्या निम्मं किंवा हजारपट कमी आलं, तर कारण बहुतेक वेळा खाली सापडतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सरासरी काढून भागणं. वजनाने ऑक्सिजन ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ३. ही टक्केवारी अणुवस्तुमानांकाला (अणू किती जड ते सांगणारा आकडा: ऑक्सिजन १६, कार्बन १२, हायड्रोजन १, नायट्रोजन १४) गुणून बेरीज केली की १३ च्या आसपास आकडा येतो. ७०,००० ग्रॅमला १३ ने भागलं की मोल मिळतात (एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कणांचा गठ्ठा), त्यांना ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की उत्तर येतं ३.२ × १०^२७. निम्म्याहूनही कमी! तालुक्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात असाच तक्ता लागला होता. खाली पडताळणीसाठी, शरीर म्हणजे निव्वळ पाणी असं धरून काढलेलं ७ × १०^२७ हे उत्तरही होतं. दोन्ही जुळेनात. मुलांनी पुन्हा पुन्हा कॅल्क्युलेटर तपासला आणि शेवटी पडताळणीच्या ओळीवर कोरा कागद चिकटवला. बरोबर ओळ झाकली गेली, चुकीची ठळक अक्षरांत राहिली. पडताळणी जुळत नसेल तर ती झाकायची नसते, वरचं गणित उलगडायचं असतं.

लातूरच्या मोंढ्यात नऊ किलो हरभऱ्यात एक किलो मोहरी मिसळून बघा. वजन हरभऱ्याचं, पण दाणे मोजायला बसलात तर मोहरीच जास्त भरेल. शरीरातली मोहरी म्हणजे हायड्रोजन: वजनात दहावा हिस्सा, अणूंमध्ये शंभरात त्रेसष्ट. म्हणून आधी प्रत्येक मूलद्रव्य वेगळं भागायचं, बेरीज नंतर.

हायड्रोजन ७,००० ग्रॅम ÷ १ = ७,००० मोल
ऑक्सिजन ४५,५०० ÷ १६ = २,८४४
कार्बन १२,६०० ÷ १२ = १,०५०
नायट्रोजन २,१०० ÷ १४ = १५०

बेरीज ११,०४४ मोल. गुणिले ६.०२२ × १०^२३, म्हणजे ६.६५ × १०^२७. कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळून ५० मोलच्या आसपास भरतात, सोडले तरी चालतात. चार ओळींचं काम आहे, तेवढा धीर धरायलाच हवा.

ऑक्सिजनला ३२ आणि हायड्रोजनला २ ने भागू नका. ते रेणूंचे आकडे आहेत, आपण अणू मोजतोय.

किलोचे ग्रॅम केले नाहीत तर उत्तर हजारपट घसरतं.

पाण्याच्या पद्धतीत १८ ने (पाण्याच्या रेणूचं वस्तुमान) भागल्यावर ३ ने गुणायचं राहून जातं. एका रेणूत तीन अणू.

पाणी ६० टक्के वेगळं आणि वर ऑक्सिजन ६५ टक्के, असं दोनदा धरू नका. त्या ६५ टक्क्यांत पाण्यातला ऑक्सिजन आलेलाच आहे.

कॅल्क्युलेटरवर ‘६.०२२ × १०’ लिहून मग ‘ईएक्सपी २३’ दाबलं की उत्तर दहापट फुगतं. त्या बटणातच ‘गुणिले १० चा घात’ असतो. ६.०२२, ईएक्सपी, २३, एवढंच दाबायचं.

आणि उत्तराला आठ-दहा दशांश स्थळं लावायची हौस सोडा. परभणीच्या उन्हातून घरी आलेल्या माणसाने २५० मिली पाणी प्यायलं की शरीरात २.५ × १०^२५ अणू वाढतात. ६.६५ मधला शेवटचा ५ तिथेच बदलतो. ६.७ × १०^२७ लिहा.