एकांकिकेतली मारामारी बसवताना

रंगमंचावरच्या मारामारीची सूत्रं मार खाणाऱ्याकडे असतात. मारणारा फक्त निमित्त. नव्याने शिकवायला उभं राहणाऱ्याने पहिल्याच तालमीत मुलांच्या डोक्यात हे पक्कं बसवावं, कारण "खरंच हलकीशी मारली तर जास्त खरं वाटेल" असं सुचवणारा एकजण प्रत्येक गटात निघतोच. त्याला ठाम नाही म्हणा. खऱ्या थपडेने कानाचा पडदा फाटू शकतो, आणि पुढच्या दोन वाक्यांत नट पात्र विसरून स्वतःचा गाल सांभाळत बसतो.

थोबाडीत मारण्यापासून सुरुवात करा. मार खाणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे, मारणारा समोर. मारणाऱ्याने हात पूर्ण ताणला तरी बोटं आणि गाल यांत एक वीत उरली पाहिजे. हे अंतर तालमीच्या खोलीत जमिनीवर टेप लावून ठरवा, कारण जोश चढला की मुलं नकळत अर्धं पाऊल पुढे सरकतात. मग क्रम: नजरानजर, हात मागे, क्षणभर थांबणं, आणि मार खाणाऱ्याने मानेने होकार दिला की हात चेहऱ्यासमोरून आडवा जातो. आवाज मार खाणारा स्वतः काढतो, छातीपाशी टाळी वाजवून. कोपरं बरगड्यांना चिकटलेली हवीत. बाहेर आली की मागून टाळी कळते. मान टाळीबरोबरच वळावी. बहुतेक मुलं ती आधी वळवतात आणि सगळं खोटं दिसतं. नजर मिळाली नाही तर मार रद्द, थेट पुढचं वाक्य; हे आधीच ठरलेलं असू द्या. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि बाल्कनीत बसून स्वतः पाहा, फट तिथूनच दिसते.

केस ओढताना मारणाऱ्याने केस धरायचेच नाहीत. मूठ डोक्यावर टेकवायची, मार खाणाऱ्याने दोन्ही हातांनी ते मनगट स्वतःच्या डोक्यावर दाबून धरायचं आणि स्वतःच चालायचं. मारणारा मागून फरफटत नेल्याचा अभिनय करतो. गळा दाबताना पंजे गळ्याखालच्या आडव्या हाडांवर (कॉलरबोनवर), अंगठे श्वासनलिकेपासून दूर, मार खाणाऱ्याची हनुवटी खाली.

पडणं सर्वांत जास्त वेळ घेतं. एक पाय मागे, गुडघे वाकवून आधी पोटरी, मग मांडी, मग नितंबाची बाजू, शेवटी हात जमिनीवर सरकत लांब. श्वास सोडत पडायचं. सरळ हातावर पडलं तर मनगट मोडतं, पाठीवर धपकन बसलं तर माकडहाड. साडी किंवा धोतर असेल तर त्याच पोशाखात तालीम करा. अंगठ्या, बांगड्या, चष्मा पहिल्या दिवसापासून उतरवलेले.

ऐतिहासिक प्रवेशासाठी खंडेनवमीला पुजलेली घरची तलवार कुणी आणली तर परत पाठवा. बोथट पातंही डोळा फोडतं, म्हणून वार कधीच चेहऱ्याच्या उंचीवर बसवू नका आणि भोसकणं कमरेच्या बाहेरून काढा. एकमेकांवर आपटून पात्यावर दाते पडतात. रोज बोट न लावता कापडाने पुसून पाहा. धागा अडकला की कानस मारा.

शिकवताना वेग पाव, मग निम्मा, मग पाऊण. प्रयोगातही पाऊणच, कारण स्पर्धेच्या दिवशी तो आपोआप वाढतो. पडदा उघडण्यापूर्वी मारामारीतल्या सगळ्यांनी रंगमंचावर एकदा संथ आणि एकदा प्रयोगाच्या वेगाने ती करायचीच. रंगमंच मिळाला नाही तर विंगेत, शस्त्रांशिवाय.